पंधरवड्यातली गाडी

बार्शी सोडली त्या दिवशी रडायचं राहूनच गेलं. पुण्याला भाजी घेऊन निघालेल्या टेम्पोत माझी पेटी, गादी आणि मी, असं तिघांचं भाडं ठरवायला अण्णा, म्हणजे माझे वडील, चौकात उभे होते आणि ते काही केल्या ठरेना. आई डोळ्यांना पदर लावून तयार, मी तिच्या गळ्यात पडायला तयार, आणि अण्णा टेम्पोवाल्याला सांगतायत, "गादीला कसलं भाडं? तुझी कोथिंबीर तिच्यावर आरामात झोपून जाईल की!" अर्धा तास हेच चाललं. शेवटी टेम्पोवाल्यानं हात जोडले. "काका, तुम्हीच चालवा गाडी, मी बार्शीत राहतो." सगळे हसले, मीही हसतहसतच चढले. कुर्डुवाडीच्या रस्त्याला लागल्यावर आठवलं की आईच्या पाया पडायचंच राहिलं.

अण्णांनी सगळी नोकरी कापडाच्या दुकानात काढली. गिऱ्हाईक कधी आणि कसं फसतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. सणाला खरेदी करणाऱ्यांची त्यांना कीव यायची. "पितृपंधरवड्यात या म्हणावं," ते म्हणायचे, "मालक माशा मारत बसलेला असतो. मागाल त्या भावाला देतो." आई लगेच कानांवर हात ठेवायची. त्या पंधरा दिवसांत आमच्या घरात नवा झाडूसुद्धा कधी आला नाही.

तुम्ही बार्शीत मागे राहिलेली मंडळी विचारता, पुण्यानं तुझं काय बदललं? माझी घासाघिशीची जीभच गेली बघा. इथे 'भाव एकच' अशी पाटी असते, आणि तरीही विचारलंत तर दुकानदार त्या पाटीकडे बोट दाखवून पुन्हा पेपरात डोकं घालतो. खराडीच्या ऑफिसात तर सगळ्यांचं सगळं ऑनलाइन. बटण दाबलं, वस्तू दारात. माझ्यासारखे जे इथे आलात, तुमचंही हेच झालं ना? मी काही घेतलं की अण्णांचा फोन यायचा, "केवढ्याला?" मी निम्मी किंमत सांगायचे. तरी म्हणायचे, "नागवलं तुला!"

चार वर्षांपूर्वी अण्णा गेले आणि आई माझ्याकडे कर्वेनगरला आली. आली ती तिसऱ्या मजल्यावर अडकूनच पडली. गुडघे धरलेले. रिक्षाची पायरी उंच, वर ते गचके. बसचं तर नावच नको. लिफ्टनं खाली जाऊन गेटपर्यंत फिरायची आणि परत यायची. बार्शीत सकाळपासून चार घरं फिरणारी ही बाई इथे बाल्कनीत बसून समोरच्या सोसायटीतले वाळत घातलेले कपडे मोजायची. एकदा म्हणाली, "तुझं गाव लई मोठं हाय म्हणत्यात. मला काय, एक भिंत दिसती." मला फार लागलं ते. तेव्हाच ठरवलं, आईसाठी गाडी घ्यायची.

गणपतीत आम्ही शोरूमला गेलो. माझ्या बजेटात होती ती गाडी इतकी बुटकी, की आई आत बसली आणि तिला बाहेर काढायला दोघं लागले. शेजारी एक उंच सीटची होती. तिच्यात आई आपली आपण बसली आणि आपली आपण उतरली. चेहरा असा फुलला होता म्हणता! पण तिची ऑन-रोड किंमत ऐकून माझा चेहरा पडला. त्यात मी काय बोलून बसले? "हीच आवडलीय हो, आणि दसऱ्यालाच हवी." कापड दुकानातल्या माणसाची मुलगी मी! सेल्समन गोड हसला. "मॅडम, दसऱ्याला वेटिंग आहे. डिस्काउंट झीरो." आम्ही ब्रोशर घेऊन घरी आलो. आईनं ते घडी घालून गीतेच्या पोथीत ठेवलं.

मग पितृपक्ष लागला. ऑफिसातून येताना स्कूटर त्याच शोरूमवरून जायची. एक दिवस बघते तर आत चिटपाखरू नाही, आणि आमचा तो सेल्समन एकटाच दारात उभा राहून जांभया देतोय. अण्णांचा मालक असाच दिसत असणार! मी ब्रेक दाबला. "मॅडम, या ना," तो अक्षरशः धावत आला. "मंथ एंड आहे, टार्गेट पूर्ण व्हायचंय, आणि या पंधरा दिवसांत कोणी फिरकत नाही." त्यानं आकडा सांगितला आणि उंच गाडी माझ्या आवाक्यात आली. अट एकच. बिल आणि डिलिव्हरी याच महिन्यात, म्हणजे याच पंधरवड्यात.

मी उड्या मारत घरी आले. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पंधरवड्यात नवी वस्तू? घे तू. मी न्हाई बसायची त्यात."

आता काय करायचं? जिच्यासाठी घ्यायची तीच बसणार नसेल, तर ती गाडी घेऊन मी काय तिच्यात कांदे ठेवू? आणि थांबले तर ती बुटकी गाडी, म्हणजे परत बाल्कनी. दोन दिवस आम्ही मायलेकी एकमेकींशी फक्त चहापुरतं बोललो.

अष्टमीला अण्णांचं श्राद्ध होतं. गवारीची भाजी, वडे, खीर, सगळं त्यांच्या आवडीचं आईनं बसल्या बसल्या केलं. पान वाढता वाढता मध्येच थांबली.

"किती कमी करतोय म्हणालीस?"

मी आकडा सांगितला. आईनं अण्णांच्या फोटोकडे बघितलं. मग तिला जे हसू फुटलं! पदर तोंडाला लावून हसतेय, डोळ्यांतून पाणी वाहतंय. "आगं, हे ह्यांचंच काम! जन्मभर मला सांगून दमले, मी ऐकलं न्हाई. आता त्यांच्याच पंधरवड्यात, त्यांनीच सगळी गिऱ्हाइकं हटवून भाव पाडून ठेवलाय, आन आपण नको म्हणायचं? रुसतील की! जेवून घे. मी येते संगं."

शोरूममध्ये मी बोलायच्या आधी आईनं गाडीला प्रदक्षिणा घातली आणि नाक मुरडलं. "रंग मळखाऊ न्हाई." मग कागदावर बोट ठेवलं, "हे हँडलिंग काय असतं?"

"आजी, ते गाडी गोडाऊनमधून इथे आणायचे पैसे."

"मग आम्ही गोडाऊनलाच येतो की." हँडलिंग गेलं. सीट कव्हरं आणि पायपुसणी फुकट आली. तरी आई उठली, म्हणाली, "चल गं, दसऱ्याला बघू," आणि दाराकडे निघाली. मला वाटलं, झालं, संपलं! पण तो मागे पळत आला, मॅनेजरला फोन लावला आणि आणखी पैसे कमी केले. दुखऱ्या गुडघ्यांची माझी आई त्या दारात अशी ताठ उभी होती, की मला तिची दृष्ट काढावीशी वाटली.

डिलिव्हरीला हार नव्हता, पेढे नव्हते. त्या दिवसांत तिथे कोण ठेवणार? आई पुढच्या सीटवर स्वतःच चढून बसली. सोसायटीत शेजारच्या काकांनी चष्म्यावरून बघितलं. "पितृपक्षात गाडी? अहो, पंचांग बंद केलंत वाटतं घरात." आईनं काच खाली केली आणि त्यांना किंमत सांगितली. दुसऱ्या दिवशी काका हळूच शोरूमचा पत्ता विचारून गेले.

आता संध्याकाळी मी ऑफिसातून येते तेव्हा आई गेटवर चपला घालून उभी असते. मंडई, सारसबाग, नुसताच खडकीपर्यंत फेरा, काहीही चालतं. दमलेली असते मी, पण तिला असं उभं बघून जीव सुखावतो. इतकी वर्षं मला कुणी घर कुठे विचारलं, की मी बार्शी म्हणायचे. कर्वेनगर हा नुसता पत्ता होता. काल आई मावशीशी फोनवर बोलत होती, मी आतून ऐकलं. "कवा येतीस आमच्या पुण्याला? रिक्षाबिक्षा करू नगंस. स्टँडवर उतर, मी गाडी पाठवते." ड्रायव्हर कोण, ते तिनं मला विचारलंसुद्धा नाही.