नेको म्हणजे मांजर

२०११ च्या मार्चमध्ये धरणीकंप झाला तेव्हा दमयंती सबनीस जपानातल्या हिगाशी-कसाईत सातव्या मजल्यावर, दोन वर्षांच्या लेकीला, कादंबरीला कवटाळून टेबलाखाली बसली होती. बाहेर खांबावरच्या भोंग्यातून कुणी शांतपणे काही सांगत होतं. पळा की थांबा, तिला एक अक्षर कळलं नाही. ही भाषा शिकायचीच, असा तिने त्या दिवशी पण केला आणि पुढची सहा वर्षं पाळला.

अखेर एका छोट्या संग्रहालयाने तिला बोलावलं. नव्याने आलेल्या मराठी मुलांना प्रदर्शन समजावायला दुभाषी हवी होती. एका रविवारी दोन तुकड्या. जमलं तर कायमचं काम. नवरा धीरज म्हणाला, "तुला काय, हातचा मळ."

प्रदर्शन बेटांच्या राजचिन्हांचं होतं. माहिती सांगायला कुबोता-सान, उभा जन्म बांधकामावर मुकादमी केलेले. पिटकेर्न बेटाच्या चिन्हापाशी ते थांबले. निळा तो समुद्र, हिरवा त्रिकोण म्हणजे बेट, त्यावर बंडखोर खलाशांच्या जहाजाचा नांगर आणि त्यांचं बायबल. दमयंतीने सगळं बिनचूक सांगितलं. मग वरच्या शिरस्त्राणाच्या माथ्याकडे बोट करून ते म्हणाले, "नेको."

शब्द निसटू नये म्हणून ती चित्राऐवजी त्यांच्या ओठांकडे बघत होती. नेको तर पहिल्या धड्यातला.

"आणि वर बसलंय मांजर," ती म्हणाली, आणि पदरचं जोडलं, "जहाजावर उंदीर फार ना!"

मुलं मांजर शोधू लागली. मागून, आईबरोबर आलेली कादंबरी जपानीतच म्हणाली, की नेको म्हणजे ती एका चाकाची हातगाडी. शाळेच्या बागेतही तिला नेकोच म्हणतात.

कुबोता-सान कमरेत वाकले. चूक माझीच, म्हणाले, बांधकामावरची बोली तोंडात बसली आहे. बेटावरचे लोक त्या गाडीतून चढावर सामान नेत, म्हणून ती चिन्हावर आली. ते जितके वाकले तितकी दमयंती खचली. अशा माफीला द्यायचं जपानी उत्तर तिला पाठ होतं, पण तोंडाशी मराठीच येत होती.

दुसऱ्या तुकडीला मुलीनेच सांगितलं तर चालेल का, असं संग्रहालयाच्या बाईंनी हसून विचारलं. नाही म्हणण्याचे चार नम्र प्रकार ती वर्गात शिकली होती. ती 'हाय' म्हणाली, म्हणजे हो.

"आई, तू जरा तिकडे उभी राहा ना," कादंबरी म्हणाली.

ती भिंतीशी गेली. दुसऱ्या तुकडीपुढे मुलीला 'नांगर' शब्द आठवेना. दमयंतीने तो तिथूनच हळू सांगितला. पण तोवर कादंबरी 'अँकर' म्हणून मोकळी झाली होती, आणि मुलांना लगेच कळलं होतं.