परवान्याला हार

बाळांनो, आमच्या समोरच्या परमिट रूमचा मालक रोज संध्याकाळी देवाच्या तसबिरीला हार घालतो आणि तसाच दुसरा हार भिंतीवरच्या दारूच्या परवान्याला. गॅलरीतून मला ते स्पष्ट दिसतं. त्या परवान्याखाली बसून सामंत मास्तर व्हायोलिन वाजवायचे. आता तिथे टीव्ही आहे.

दारू बंद व्हावी म्हणून सोसायटीने अर्ज केला होता. सरकारी साहेब तपासणीला आले, चहा प्यायले आणि वादनाचा वेगळा परवाना नाही म्हणून तेवढं वादन बंद करून गेले.

“कायद्यात बसलं ते झालं, आजी,” सेक्रेटरी म्हणाले. “शांतता तर मिळाली?”

“क्रिकेटची ओरड ऐकता ना? अर्जाची प्रत दाखवा बघू.”

“ती आता कुठे सापडायची?” ते हसले.

त्या हसण्यावर माझा भरवसा नाही. अर्जात दारूचं नाव तरी होतं का? आयुष्यभर मी धोब्याची यादीसुद्धा वाचून घेतली आणि हा कागद मात्र न वाचता सही करून दिला.

काल मास्तर व्हायोलिनची पेटी घेऊन खालून गेले. वर बघून त्यांनी नमस्कार केला, नेहमीसारखाच. मी पडद्याआड सरकले. अर्जावर पहिली सही माझी आहे.