काळ्या किनारीचं पाकीट

युद्धाची कुणकुण लागताच आखातातल्या आमच्या हॉस्पिटलातली इंग्रज फिजिओथेरपिस्ट बाई मायदेशी निघून गेली. जाताना एक जाडजूड पुस्तक माझ्या गळ्यात मारून गेली. एकोणिसाव्या शतकातल्या कुणा लॉर्डाचं चरित्र. एरवी मी ते उघडलंही नसतं. लॉर्ड मंडळींविषयी मला कधीच माया नव्हती. पण वर्तमानपत्रं शिळी, टीव्हीवर त्याच त्याच बातम्या आणि धाहरानच्या विमानतळाच्या बाजूने सतत विमानांची घरघर. जीव नुसता आंबून गेला होता. म्हणून दुपारी ड्युटी संपली की मी ते वाचायची आणि खोलीतल्या ताईला मराठीत सांगायची.

ताई म्हणजे श्रीवर्धनकडची सीनियर नर्स, माझ्याहून बरीच मोठी. मी साताऱ्याची, लॅबमध्ये. विषारी वायूचा हल्ला झाला तर म्हणून आमच्या खिडकीच्या फटींना खाकी चिकटपट्टी लावलेली आणि दाराशी ओला टॉवेल. त्या टॉवेलवर आम्हा दोघींचाही काडीचा विश्वास नव्हता.

पुस्तकात लॉर्डाच्या बायकोचं चित्र होतं. कस्टमवाल्याने तिचा उघडा गळा काळ्या मार्करने रंगवला होता, त्यात हनुवटीही गेली. "बिचारीला दाढी आली गो," ताई म्हणाली. त्या दिवसांत आम्ही हसलो ते तेवढंच.

लॉर्ड आधी लॉर्ड नव्हताच, लॉर्ड होता त्याचा बाप. बाप जिवंत होता तोवर हा निवडून येऊन खालच्या सभागृहात बसायचा आणि कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या पोरांसाठी भांडायचा. दर वर्षी तेच विधेयक, दर वर्षी हार. शेवटी एकदाची मतं जुळत आली, आणि ऐन चर्चेत शिपायाने काळ्या किनारीचं पाकीट आणून दिलं. बाप गेला. आता हा लॉर्ड झाला, आणि लॉर्डाला खालच्या सभागृहात बसता येत नाही. गडी उठला आणि बाहेर पडला. विधेयक पडलं. पुढे म्हातारा होईपर्यंत तो वरच्या सभागृहात पेंगणाऱ्यांपुढे तेच भाषण करत राहिला.

ताईला विधेयकाचं काही नव्हतं. तिला ते पाकीट पटलं. "त्यांचं बरं. किनार बघितली की कळलं. आपल्याकडे मेल्यावर पण सिरीयसच लिहितात."

तिची आई गेली तेव्हा भावाने 'आई सिरीयस, लवकर ये' अशी तार केली होती. आमच्याकडे तशीच करतात. परदेशात एकट्या माणसाला धक्का नको म्हणून. ताई वाटभर दुवा मागत गेली, आणि पोचली तेव्हा कबरीची माती सुकलेली. तिने भावाला फैलावर घेतलं होतं. पुन्हा मला खोटी तार केलीस तर तोंड बघणार नाही, असं बजावून परत आली होती.

युद्ध पेटलं आणि तिला तार आली. 'अब्बा सिरीयस, लवकर ये.'

ताईने ती वाचली, डोक्यावर ओढणी घेतली आणि भिंतीकडे तोंड करून मयतासाठी दुवा म्हणू लागली. अब्बा गेले, हे मीही धरूनच चालले.

सगळ्यांच्या रजा बंद होत्या. पासपोर्ट हॉस्पिटलच्या तिजोरीत, आमच्या हाती फक्त इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना. एकच वाट होती. आईबाप अखेरच्या आजारात असतील तर मेट्रन डायरेक्टरकडे शब्द टाकायची, मग पासपोर्ट निघायचा आणि जेद्दाहच्या गाडीत जागा मिळायची; विमानं आता तिथूनच सुटत होती. मयतीला मात्र नाही. दफन त्याच दिवशी उरकतं, आता जाऊन काय करणार, असं तिचं म्हणणं.

"तार दाखव आणि गप्प उभी राहा," मी ताईला म्हटलं. "कागदावर सिरीयस लिहिलंय ना? निदान कबरीवर तरी जाऊन येशील."

"अब्बाच्या मयतावर खोटं बोलू?"

मेट्रनने तार वाचली. "फादर अलाइव्ह?"

"नो मॅडम," ताई म्हणाली. "खलास."

मेट्रनने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तार परत दिली. गाडीतली जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. मला ताईचा इतका संताप आला की मी तिच्याशी बोलेनाशी झाले. लॉर्डही तसाच उशाशी पडून राहिला.

युद्ध संपलं. कुवेतच्या जळत्या विहिरींचा धूर आमच्यापर्यंत यायचा, दोरीवरचे कपडे काळे व्हायचे. फोन सुरू झाले तशा आम्ही बूथपुढच्या रांगेत उभ्या राहिलो. ताईने भावाला पहिलंच विचारलं, अब्बाला आईशेजारी ठेवलं का? मग ती "कधी?" म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा, "कधी?"

अब्बा गेले होते मागच्या जुम्म्याला, तारेनंतर महिना उलटून. तोवर शुद्धीत होते. दारात रिक्षा थांबली की विचारायचे, आली का? भाऊ म्हणाला, तू दम भरला होतास, म्हणून खरं तेच लिहिलं. सिरीयस होते, सिरीयस लिहिलं.

खोलीवर येऊन ताई खिडकीची चिकटपट्टी नखाने खरवडत बसली. पट्टी निघत होती, गोंद निघत नव्हता. मला रडू आवरेना, पण तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता.

"तुझं ऐकून खोटं बोलले असते गो," ती म्हणाली, "तर अब्बा भेटले असते."