खोडलेल्या शब्दांची यादी

लाल पेन माझ्या हातात दिलं, हीच त्या समितीची पहिली चूक. मला खोडायला फार आवडतं. इतकी वर्षं वरठीच्या शाळेत पोरांच्या वह्या तपासून हाताला तीच सवय लागली होती.

गोंदिया वेगळा होऊन आमचा भंडारा जिल्हा आटोपशीर झाला होता, तरी तालुका बदलला की शिक्षकांचे शब्द बदलायचे. आम्ही बनवलेले धडे, व्हिडिओ, चित्रं सगळं भंडाऱ्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर जमा व्हायचं. प्रत्येक धड्यावर एक चिठ्ठी असायची: विषय कोणता, वर्ग कोणता, प्रकार कोणता. तुमसरचे गुरुजी लिहायचे 'वर्कशीट', साकोलीच्या बाई 'कृतिपत्रिका', आणि लाखांदूरवरून यायचं 'घरचा अभ्यास'. शोधणाऱ्यानं एक शब्द टाकला की बाकीचे दोन्ही गायब. म्हणून साऱ्या तालुक्यांची मिळून शब्दांची एकच यादी करायची ठरली, त्यासाठी शिक्षकांची समिती नेमली आणि पेन माझ्याकडे आलं. कोणता शब्द चालेल, त्याचा अर्थ काय, तो कुठं लावायचा, हे सगळं एका जागी.

काम मला मनापासून पटलं, आणि तिथंच घोळ झाला. मी एका गोष्टीला एकच शब्द ठेवला आणि बाकीचे धडाधड खोडले. भाताची 'लावणी' ठेवली, 'रोवणा' खोडला. 'तळं' ठेवलं, 'बोडी' खोडली. 'खाचर' ठेवलं, 'बांधी' खोडली. मी स्वतः आसगावची, रोवण्याच्या चिखलात वाढलेली, पण हात जरासुद्धा अडखळला नाही. उलट वाटलं, वा, काय स्वच्छ यादी झाली! अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते उगीच नाही. ज्या चिठ्ठीवर खोडलेला शब्द असेल, ती त्या दिवसापासून कॉम्प्युटर वाचेनासा झाला.

वर्ष गेलं. एका बैठकीत ऑफिसातले साहेब म्हणाले की जागा भरत आली आहे, वर्षभरात जे धडे कोणीच उघडले नाहीत ते महिनाअखेर काढून टाकू. अशा धड्यांचा कागद छापून माझ्यापुढे आला. त्यातले बहुतेक एकाच बाईचे होते. ती माझी लहानपणची मैत्रीण, आसगावच्याच शाळेत शिकवणारी, त्या उन्हाळ्यात रिटायर होणारी. पहिलीतली पोरं पुस्तकाची भाषा ऐकून तोंड मिटून बसतात, म्हणून तिनं कित्येक वर्षं खपून त्यांच्याच बोलीत, त्यांनाच सोबत घेऊन ते धडे रेकॉर्ड केले होते. ते कोणी उघडले नाहीत, कारण त्यांच्या चिठ्ठ्यांवर मी खोडलेलेच शब्द होते आणि ते कोणाला सापडतच नव्हते.

रविवारी गाडी काढली आणि थेट आसगाव गाठलं. ती ओसरीत बसून लाखोरीची डाळ पाखडत होती. मी सगळं सांगून टाकलं, स्वतःची चूकसुद्धा. वर शहाणपणानं म्हटलं की महिना संपायच्या आत सगळे धडे पेनड्राइव्हवर काढून तुला आणून देते. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे सूप खाली ठेवून म्हणाली की कपाटात ठेवायला तिनं ते बनवले नव्हते, तिच्यामागं या पोरांशी त्यांच्या बोलीत बोलणारं कोणी असावं म्हणून बनवले होते. मग म्हणाली,

"मले एक सांग. लग्नात तांदळाच्या ताटात तुयं नवं नाव लिवलं. मंग मी जुन्या नावानं हाक मारली, त तू पलटून पाह्यत नाही का?"

सासरी मला कोणीच त्या नावानं ओळखत नाही. रेशन कार्डावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, पण बाई तीच ना!

सोमवारी मी समितीपुढे यादी उलटीपालटी केली. प्रत्येक गोष्टीला एक नंबर, आणि त्या नंबराखाली तिची सगळी नावं, माहेरची आणि सासरची. कोणत्याही नावानं हाक मारा, धडा आला पाहिजे. तुमसरचे गुरुजी कुरकुरले की मॅडम, यादी लई लंबी होऊन राहिली. मी म्हटलं, होऊ द्या. साहेबांनाही सांगितलं की चूक माझ्या पेनाची आहे, त्याची शिक्षा धड्यांना नको. ते हसले आणि म्हणाले, महिनाअखेरपर्यंत करून दाखवा. जेवढे शब्द खोडले होते, तेवढे एकेक करून मीच परत लिहिले. लाल पेन मात्र पर्समध्येच राहिलं.

शेवटच्या दिवशी ऑपरेटरशेजारी बसून मी 'लावणी' हा शब्द टाकला. पडद्यावर पहिलाच धडा आला तो आसगावचा, 'रोवणा'. माझा जीव भांड्यात पडला. मी खुर्चीत मागं टेकले आणि तेव्हा कळलं की महिनाभर खांदे आखडून बसले होते. साहेबांनी आत येऊन बघितलं आणि काढून टाकायच्या कागदावर स्वतःच आडवी रेघ मारली.

मग मी तो धडा पहिल्यांदाच ऐकला. हो, वर्षभर मीही उघडला नव्हता. ती पोरांना गोष्ट सांगत होती, रोवण्याच्या दिवशी परे, म्हणजे भाताची रोपं, घेऊन धावताना बांधीत सपशेल पडलेल्या एका पोरीची. पोरं खिदळत होती. मग ती पोरांना म्हणाली, चला, सगळे मिळून तिले हाक मारा, आणि साऱ्या वर्गानं एका सुरात माझं माहेरचं नाव घेतलं. आई गेल्यावर त्या नावानं मला कोणी हाक मारली नव्हती.

"ओ," मी भर ऑफिसात म्हणाले.

ऑपरेटरनं विचारलं, मॅडम, काय झालं? मी म्हटलं, काही नाही बापा, यादी छाप.