भंगारातला हुकूमशहा

"ताई, कंटेनर उघडला. आत मानूस हाय," म्हात्रेशेठ फोनवर म्हणाला.

जिवंत की मेलेला, असं मी विचारलं.

"ब्राँझचा. नऊ फुटी. हात वर केलेला."

मी कस्टम्स ब्रोकर आहे. परदेशातून माल आला की त्याचे पेपर भरायचे, अधिकाऱ्यांकडून तो तपासून घ्यायचा आणि मालकाच्या ताब्यात द्यायचा, हे माझं काम. गेली सव्वीस वर्षं उरणच्या आसपास मी हेच करते आहे. बंदरातून उतरलेले कंटेनर तपासणीसाठी ज्या मोठ्या आवारात ठेवतात त्याला सीएफएस म्हणतात. माझं निम्मं आयुष्य तिथल्या धुळीत गेलं आणि उरलेलं चिखलात.

म्हात्रेशेठची पेणजवळ फाउंड्री आहे. वडिलांचं मिठागर होतं, ते गेलं. मग हा आधी ट्रकच्या धंद्यात आणि नंतर ओतकामात पडला. मच्छीमार बोटीला पाण्याखाली जो पंखा असतो, तो हा ओततो. त्या जुलैत रेवदंड्याच्या चौदा बोटींच्या पंख्यांची ऑर्डर त्याच्याकडे होती. ऑगस्टच्या सुरुवातीला मासेमारीची बंदी उठते. त्या दिवशी बोट पाण्यात नसेल तर तिचे खलाशी दुसऱ्याच्या बोटीवर चढतात आणि मग हंगामभर परत फिरत नाहीत. म्हात्रेशेठने चौदाही जणांना शब्द दिला होता, आणि धातूसाठी पूर्व युरोपातल्या एका यार्डातून ब्राँझचं भंगार मागवलं होतं.

नियम सोपा आहे. भंगार म्हणून आणलेला माल भंगारच दिसला पाहिजे. अख्खी वस्तू निघाली तर ती अधिकाऱ्यासमोर तोडायची. याला आम्ही म्युटिलेशन म्हणतो. नळ, पंप असं काही असलं तर अर्ध्या तासाचं काम. ग्राइंडरने धातू कापून देणाऱ्या सलीमभाईंना घेऊन मी सीएफएसच्या यार्डात गेले.

तोवर घोळ होऊन बसला होता. पुतळा बाहेर काढल्यावर तो आडवा ठेवणं फोर्कलिफ्टवाल्याला बरं वाटेना, म्हणून त्याने उभा केला होता. पाऊस होता, म्हणून यार्ड सुपरवायझर ठाकूरने वर ताडपत्री बांधली होती. जो माणूस वर्षानुवर्षं बर्फात उभा होता, त्याला आमच्या आषाढात सर्दी होईल अशी ठाकूरला काळजी.

सलीमभाईंनी पुतळ्याकडे खालून वर पाहिलं. ग्राइंडर पिशवीतून काढलाच नाही.

"मॅडम, हे कोण?"

"माहीत नाही."

"मग माफ करा. पुतळ्याला हात लावला की आपल्याकडं काय होतं, तुम्हाला ठाऊक हाय. कापणार मी, आणि उद्या बंद सगळं उरण."

कस्टम्सचे सुपरिंटेंडेंट साहेब चार महिन्यांनी रिटायर होणार होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, 'पुतळा तोडला' असं मी लिहू? माझ्या सहीने?"

"सर, 'ब्राँझ आर्टिकल' लिहा."

"फोटो जोडावा लागतो. फोटोत आर्टिकलला मिशी आहे."

बंदोबस्त मिळेल का म्हणून मी पोलीस स्टेशनला फोन केला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "पुतळा कोणत्या समाजाचा?" परदेशी आहे म्हटलं. "तरी कोणाचा तरी असेल की! आधी ते बघा," असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

नावाची पाटी आधीच कोणीतरी काढून नेली होती, स्क्रूची चार भोकं तेवढी उरली होती. माल पाठवणाऱ्या पूर्व युरोपातल्या यार्डाला मी मेल टाकला. त्यांच्या मॅनेजरने धातूची ग्रेड कळवली. मग दोन दिवसांनी तिथल्याच एका क्लार्क बाईंचा मेल आला, न विचारता, दोन पानांचा.

तो त्यांच्या देशाचा कम्युनिस्ट हुकूमशहा होता. आधी पक्षाच्या ऑफिसात फायली सांभाळायचा. दोन मोठ्या नेत्यांचं भांडण मिटेना, म्हणून तात्पुरता याला खुर्चीत बसवला, कारण तो कोणाच्याच अध्यात-मध्यात नव्हता. पण फायली सगळ्यांच्या त्याच्याकडे होत्या. वर्षभरात ते दोघं नेते दिसेनासे झाले, मग ते कुठे गेले असं विचारणारे दिसेनासे झाले. तीस वर्षं तो हलला नाही. पुतळे उभारा असा हुकूमसुद्धा कोणी काढला नव्हता. एका गावाने उभारला, आणि मग बाकीच्यांना न उभारण्याची भीती वाटली. राजवट पडल्यावर हा पुतळा उतरवला, पण विक्रीच्या कागदावर सही कोण करणार म्हणून किती वर्षं शेडमध्येच पडून राहिला. बाईंनी शेवटी लिहिलं होतं: "माझी आई अजून त्याचं नाव घेण्याआधी खिडकी लावून घेते. तो वितळला की कृपा करून मला कळवा."

मी तो मेल दोनदा वाचला आणि मला फार वाईट वाटलं. मराठी करून, प्रिंट काढून साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी सगळा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "म्हणजे माजी राष्ट्रप्रमुख. मग दिल्लीहून ना-हरकत लागेल."

माझं डोकं फिरलं. पण सही त्यांची होती.

यार्डात तोवर पुतळ्याभोवती दोरी लागली होती. ड्रायव्हर लोक त्या कोपऱ्यात थुंकेनासे झाले होते. त्याला सगळे 'मोठे साहेब' म्हणू लागले होते. एके सकाळी गळ्यात झेंडूचा हार दिसला.

"मी न्हाय घातला," ठाकूर म्हणाला. "पन कोनी घातलाय तं काढायचा कसा? आपल्यावर यायचा."

म्हात्रेशेठ रोज यायचा, पुतळ्याकडे पाठ करून उभा राहायचा. "ताई, धा दिवस रायले. चौदा घरां हायेत. मना रेवदंड्यान तोंड दाखवाया जागा न्हाय रहानार."

शेवटी तोड काढली सलीमभाईंनी. "याला झाका. मी काय कापतोय ते मला दिसायला नको. साहेबांना पण नको."

अंगाला ताडपत्री गुंडाळली, डोक्यावर पोतं घालून सुतळीने बांधलं. जिथे कापायचं तेवढीच पट्टी उघडी ठेवली. आता तो फाशी द्यायला आणलेल्या माणसासारखा दिसू लागला. साहेबांनी रिपोर्टमध्ये लिहिलं: 'गुंडाळलेली लांबट ब्राँझ वस्तू, एक नग.' फोटोत मिशी आली नाही. हात, पाय, धड झालं, मान सर्वांत शेवटी. साहेब पाठ फिरवून उभे होते, पण सही त्यांनी केली. दिल्लीचं नाव पुन्हा निघालं नाही.

माल त्याच दुपारी पेणला गेला. भट्टी रात्रंदिवस चालली. बंदी उठायला दोन दिवस राहिले असताना मी शेवटच्या पेपरवर सही घ्यायला फाउंड्रीत गेले. भिंतीला पंखे ओळीने टेकवून ठेवले होते. मी मोजले. तेरा.

कोपऱ्यात उलट्या ड्रमवर मुंडकं होतं. पोत्यासकट.

"हे का राहिलं?"

"कामगार भट्टीत टाकाया न्हाय बोलतान."

"अरे, मालक तू आहेस ना?"

"मी पन गेलो व्हतो. पोता काढला, त्यानं माझ्याकडं बगितला. परत घातला." म्हात्रेशेठ नजर चुकवत होता. "एका पंख्याचा धातू हाय त्यान. ऱ्हाऊं दे. चौदावी बोट मेव्हन्याची हाय, त्याला समजावता येल."

ते काही जमलं नाही. तेरा बोटी बाहेर पडल्या. चौदावी रेवदंड्याला लाकडी टेकूंवर उभी राहिली आणि तिचे खलाशी तिच्या समोरून दुसऱ्या बोटींवर चढले. दुसरा धातू आणून पंखा ओतेपर्यंत पंधरा दिवस गेले. तोवर परत यायला कोणी उरलं नव्हतं. म्हात्रेशेठची बहीण त्याच्याशी अजून बोलत नाही. मला आजही संताप येतो. कधीच मेलेला माणूस, त्याचा देश नकाशावर यांच्यापैकी एकालाही दाखवता आला नसता, आणि त्याने आमची एक बोट किनाऱ्यावर बसवून ठेवली.

त्या बाईंचा मेल आला, "वितळला का?"

"हो. पूर्ण," मी लिहिलं. सव्वीस वर्षांत जाणूनबुजून लिहिलेलं ते माझं पहिलं खोटं.

दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं. "आईला सांगितलं. ती विचारते, तुम्ही स्वतः पाहिलंत का?"

त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

हल्ली क्लायंटच्या खरेदीपत्रात मी एक ओळ वाढवते: मालात चेहरा असल्यास तो पाठवणाऱ्याने तिकडेच वितळवून मग माल पाठवावा. इकडचे लोक ती वाचून हसतात. पूर्व युरोपातल्या एकाही यार्डाने मात्र ही ओळ कशासाठी, असं अजून विचारलेलं नाही.