दहाव्या महिन्यात काढलेली तार

माझ्या मुलीचे दात माझ्यावर गेले. वरचा उजवा सुळा हिरडीत उंच चढलेला, पुढचे दोन दात एकमेकांवर रेललेले. मला त्यांचा कधी जाच झाला नाही, कारण वर मिशी होती. माझ्या लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांनी नोकरीची चौकशी केली. तोंड उघडून दाखवा असे मला कोणी म्हणाले नाही. मुलीला मात्र ओठ मिटून हसण्याची सवय शाळेतच लागली.

बाविसाव्या वर्षी तिने दात सरळ करून घ्यायचे स्वतःहून ठरवले. जुळे सोलापुरात आमच्या घरापासून जवळच दातांच्या एक डॉक्टर बाई होत्या. त्यांनी टेबलावर प्लास्टरचे तीन नमुने मांडले. एकावर स्टीलची तार, दुसऱ्यावर दाताच्या रंगाचे ब्रेसेस, आणि तिसऱ्यावर पारदर्शक साचा, जो जेवणापुरता काढून उरलेला सगळा दिवस घालायचा.

"साचा दिसत नाही हे खरंय," त्या म्हणाल्या, "पण इतका वर गेलेला सुळा खाली आणायचा तर माझा भरवसा तारेवर आहे. वरचे दोन दात काढून जागा करावी लागेल. दीड-दोन वर्षं लागतील. मध्येच सोडू नका, एवढंच सांगणं."

मुलीने स्टीलची तार निवडली आणि तिच्यावरच्या रबरी कड्या जांभळ्या घेतल्या. दर महिन्याला तार आवळली की दोन दिवस दात ठणकत. घरात कडक भाकरी असेल तर आमटीत ती मऊ होईपर्यंत ती ताटासमोर वाट पाहत बसे. कुरकुर केल्याचे मला आठवत नाही. आठव्या महिन्यात एका सकाळी तिने आरशासमोरून आईला हाक मारली, "आई, बघ की, आलाय खाली." सुळा खरोखरच रांगेच्या जवळ आला होता.

पुढे दोन महिन्यांनी माझे मेहुणे वळसंगहून आले. अक्कलकोटचे एक स्थळ त्यांनी आणले होते; मुलगा सरकारी नोकरीत होता आणि तुळशीचे लग्न झाले की पाहुणे बघायला येणार होते.

"दाजी, स्थळ लई चांगलं हाय," ते म्हणाले. "पण पोरीच्या तोंडात ती तार कशापायी?"

"अजून आठ-दहा महिने तरी राहील."

"तवर पावनं थांबत्यात व्हय? त्यास्नी वाटंल, पोरीत काय तरी बिघाड हाय, म्हणून दुरुस्तीला टाकलीया."

"ती काय मोटरसायकल आहे का रे?" माझी पत्नी हसून म्हणाली. मी हसलो नाही. मला मेहुण्यांचे पटले होते.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेले. वाटेत सांगितले, की तार थोडे दिवस काढून ठेवू, कार्यक्रम झाला की पुन्हा लावू. ती मागे काही बोलली नाही, आणि त्या गप्प राहण्यालाच मी होकार धरले.

"काका, हा चष्मा नाही, काढला आणि घातला," डॉक्टर बाई म्हणाल्या. "काढलेल्या दातांच्या जागा अजून भरल्या नाहीत. सगळे दात परत फिरतील. हिची तयारी आहे का?"

मुलगी तेव्हा खुर्चीत आडवी होती. तिचे तोंड उघडे होते आणि आत डॉक्टरांचा आरसा होता. तिला बोलता येणे शक्यच नव्हते. "तिला विचारलं आहे," मी म्हणालो. मी विचारले नव्हते. माझा आवाज कधी चढत नाही, म्हणून माझ्यावर सहसा कोणी संशय घेत नाही. डॉक्टरांचा सल्ला डावलून तार काढत असल्याच्या कागदावर मी सही केली.

पाहुणे आले. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन आली, त्यांच्या एका प्रश्नावर हसली, आणि दोन्ही बाजूंच्या रिकाम्या जागा दिसल्या. मुलाची आई आपल्या जावेशी कानडीत बोलू लागली. कचेरीतल्या कानडी सहकाऱ्यांमुळे मला जुजबी कानडी कळते. त्यात 'हल्लु' हा शब्द दोनदा आला. हल्लु म्हणजे दात. ते कळवतो म्हणून गेले आणि त्यांनी कळवले नाही.

त्यानंतर दुसरे स्थळ आले, मग तिसरे. एवढे होऊ दे, मग तार लावू, असे मी प्रत्येक वेळी म्हणत राहिलो. दात जागेवर राहावेत म्हणून दिलेली पट्टी घातली की तिचे बोलणे बोबडे येई, म्हणून पाहुण्यांसमोर तीही काढून ठेवायला आम्ही सांगितले. वर्षभरात सुळा पुन्हा वर गेला. मुलीने बघण्याचे कार्यक्रम थांबवले, तारेचा विषय काढणेही थांबवले.

आता ती तिशीत आहे, एका कॉलेजात शिकवते, आमच्याबरोबरच राहते. गेल्या महिन्यात ती एका नव्या डॉक्टरांकडे निघाली तेव्हा मी येऊ का म्हणून विचारले. "चला," ती म्हणाली.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. पहिल्या वेळच्या ओढीने पुढच्या दोन दातांची मुळे आखूड झाली होती. तारेचा जोर आता त्यांना सोसणार नव्हता. पारदर्शक साच्यांनी हळूहळू जमेल तेवढे करता येईल, सुळा अर्धाच खाली येईल, असे ते म्हणाले. मग त्यांनी विचारले, "त्या वेळी पूर्ण झालं असतं तर आज हात लावायची गरज नव्हती. मध्येच का सोडलंत?"

मुलीने माझ्याकडे पाहिले आणि ती थांबली.

"घरची काही अडचण होती," मी म्हणालो.

"अडचण नव्हती, डॉक्टर," ती शांतपणे म्हणाली. "मला बघायला येणार होते."

बाहेर स्कूटरपाशी आल्यावर मी तिला म्हणालो, की माझे चुकले.

"हे आत म्हणायचं होतंत, बाबा," ती हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाली. "आत विचारलं होतं."

पहिला साचा येत्या सोमवारी बसवणार आहेत. त्या दिवशी मी येऊ नये असे तिने सांगितले आहे, आणि मी बरे म्हणालो.