मैदानाबाहेरचा तांडेल

माझा आवाज मोठा. होडीवर तांडेल म्हणून उभं राहायचं, खलाशांना हुकूम सोडायचे, तर तो लागतोच. वाऱ्यात पुटपुटणाऱ्याचं कोण ऐकणार? मी जेवायला बसलो की चिंचणीच्या आमच्या आळीत चार घरं पलीकडे कळतं, असं बायको म्हणायची. तिचं काही खोटं नव्हतं.

थोरला मुलगा सुट्टीत होडीवर यायचा. त्याला मी सगळ्यात आधी शिकवलं ते हे, की मी 'सोड' म्हटलं की हातातला दोर सोडायचा. का आणि कशाला, ते विचारायचं नाही. ताणलेला दोर हाताला वेढा घालतो आणि बोट घेऊन जातो. माझी डावी करंगळी अर्धीच आहे. माझ्या बापाने 'सोड' म्हटलं तेव्हा मी विचार करत बसलो होतो. पोरगा माझ्यापेक्षा शहाणा. शब्द पुरा व्हायच्या आत त्याचे हात मोकळे असायचे.

साठ साली राज्य नवं झालं त्या सुमारास तो शाळेच्या हुतूतूच्या संघात आला. अंगाने काटकुळा, पण कुणाचा घोटा धरला की धरला. पहिला सामना शाळेतच होता आणि मी अगदी रेघेला लागून उभा. शेवटी शेवटी समोरच्या एका दांडग्या गड्याने चढाई केली. याने त्याचा घोटा पकडला, तसा तो याला मातीतून फरफटवत मधल्या रेघेकडे निघाला. त्याच्या दुसऱ्या पायाची टाच पोराच्या तोंडाजवळ आपटत होती. माझ्या तोंडातून निघून गेलं, "सोड!"

त्याने सोडलं. गडी परत गेला, हा बाद झाला आणि सामना हातचा गेला. याला बापाने हरवला, असं पोरं म्हणाली.

घरी तो माझ्याकडे पाठ करून बसला. आईला म्हणाला, "डहाणूला सामना हाय. आता सोडलं तर सर मला काढून टाकणार. बाबाला सांग, येऊ नको." तिने सांगायची गरज नव्हती, मी पडवीतच जाळं सांधत होतो. मला रागच आला. ज्याच्यासाठी जीव तुटतो त्यानेच नको म्हणावं?

"कोण येतंय," मी म्हणालो. "मला कामं हायेत."

कामं कसली? भांगाची मंद भरती-ओहोटी लागली होती, पाण्याला ओढ नव्हती, होड्या किनाऱ्याला टेकलेल्या. सामन्याच्या दिवशी मी सदरा चढवला तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "जायचं तर जा, पण तोंड घरी ठेवून जा."

पोरं गेली त्याच्या नंतरच्या एसटीने डहाणूला मैदानासमोरच उतरलो आणि कडेला एका बैलगाडीमागे उभा राहिलो. सामना बरोबरीत चालला होता. नेमकं पुन्हा तेच झालं. याने घोटा धरला आणि गडी 'हुतूतू, हुतूतू' करत याला ओढू लागला. रेघ हातभर राहिली. पोराचं तोंड मातीत. शब्द माझ्या दातांपर्यंत आला होता. मी खांद्यावरचा पंचा तोंडात कोंबला आणि चावून धरला.

मग 'हुतूतू' थांबलं. गड्याचा दम तुटला होता आणि घोटा अजून पोराच्या हातात होता.

मी तिथेच खाली बसलो. वादळातून होडी खाडीत आणल्यावरसुद्धा मला इतकं सुटल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं ते पुसलंही नाही.

सामना जिंकल्याचा आरडाओरडा ओसरल्यावर तो सरळ बैलगाडीमागे आला. कोपरं सोललेली, ओठ फुटलेला, पण हसत होता.

"मी आलोय हे तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"मघाशी एसटीतून उतरलास तेव्हाच बघितला."

"मग?"

"भीती वाटत होती. म्हटलं, आता ओरडशील."

"ओरडलो असतो तरी धरून ठेवलं असतंस ना?"

त्याने फुटलेला ओठ मनगटाने पुसला. "नाय बाबा," म्हणाला. "तू बोलला असतास तर सोडलं असतं मी."